रकाना एकदाच बांधायचा : वाचकांचे प्रश्न

वेबसाइटच्या फॉर्ममधले रकाने एकदाच नीट बांधून सगळीकडे कसे वापरायचे, या विषयावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेले निवडक प्रश्न. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न : आम्ही रिअ‍ॅक्टमध्ये (स्क्रीन बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) केळी उत्पादकांच्या नोंदणीचं अ‍ॅप करतो. चौदा स्क्रीन आहेत आणि प्रत्येकीवरचे रकाने वेगवेगळ्यांनी लिहिलेले. म्हणून सगळीकडे चालेल असा एकच इनपुट कंपोनंट (स्क्रीनचा पुन्हापुन्हा वापरता येणारा तुकडा) करायला घेतला, तर त्याचे प्रॉप्स (त्याला बाहेरून द्यायच्या गोष्टी) तेवीस झाले. तरी रोज कुणीतरी नवीन प्रॉप मागतंच. आत काय ठेवायचं आणि बाहेर काय? — तिघांची टीम, जळगाव

उत्तर : तेवीस प्रॉप्स झाले म्हणजे एका पिशवीत दोन कंपोनंट कोंबलेत. आधी ते सुटे करा.

पहिला ‘फील्ड’. त्याच्याकडे फक्त चौकटीचं काम : लेबल, खालची बारीक सूचना, चूक सांगणारा संदेश आणि या सगळ्यांना रकान्याशी जोडणारा आयडी. दुसरा ‘इनपुट’, म्हणजे उघडा रकाना. त्यात तुमचं रंगरूप आणि बाकी काही नाही. असं केलं की उद्या ड्रॉपडाऊन, मोठा मजकूर किंवा फोटोचा रकाना आला तरी ‘फील्ड’ तोच राहतो, आतला भाग तेवढा बदलतो.

उघड्या रकान्याला एकेक प्रॉप मोजून देऊ नका. तुम्हाला हवे ते दोन-तीन काढून घ्या आणि उरलेले जसेच्या तसे एचटीएमएलच्या इनपुटवर पसरून द्या. मग इनपुटमोड, ऑटोकम्प्लीट, मॅक्सलेंग्थ, रीड-ओन्ली यांपैकी काहीही कुणी मागितलं तरी तुमच्या फाइलला हात लावावा लागत नाही. तुमचे तेवीसपैकी निदान पंधरा प्रॉप्स इथेच गळतील.

पसरताना क्रम मात्र बघा. आधी तुमचा ऑनब्लर (रकान्यातून बाहेर पडताना चालणारं फंक्शन) लिहिला आणि नंतर उरलेले प्रॉप्स पसरले, तर वापरणाऱ्याने दिलेला ऑनब्लर तुमचा पुसून टाकतो. उलट क्रम लावला तर त्याचा पुसला जातो आणि तो बिचारा अर्धा दिवस शोधत बसतो. दोन्ही हवे असतील तर एक छोटं फंक्शन लिहून त्यात दोघांनाही बोलवा. रंगरूप ठरवणाऱ्या क्लासनेमचंही तसंच. बाहेरून आलेला तुमच्या क्लासला जोडायचा, त्याच्या जागी बसवायचा नाही.

आयडी हाताने लिहू नका. ‘मोबाइल’ असा आयडी कंपोनंटमध्ये पक्का केला आणि एकाच स्क्रीनवर शेतकऱ्याचा आणि वारसाचा असे दोन मोबाइल रकाने आले, की वारसाच्या लेबलवर बोट ठेवलं तरी कर्सर शेतकऱ्याच्या रकान्यात जातो. भरणाऱ्याला वाटतं मोबाइल बिघडला. रिअ‍ॅक्ट १८ पासून यूझ-आयडी हा हुक (रिअ‍ॅक्टचं तयार फंक्शन) त्यासाठीच आहे. बाहेरून आयडी आला तर तो घ्या, नाहीतर हुकचा वापरा. हुकने दिलेला आयडी सीएसएसमध्ये सिलेक्टर म्हणून किंवा यादीत ‘की’ (प्रत्येक नगाची ओळखखूण) म्हणून मात्र वापरू नका, तो त्या कामाचा नाही.

सूचना आणि चूक या दोघांचे आयडी मधे एक जागा सोडून एरिया-डिस्क्राइब्ड-बाय (स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठीचा गुण) मध्ये द्या आणि चूक असेल तेव्हा एरिया-इनव्हॅलिड खरं करा. ज्याला दिसत नाही त्याला नुसती लाल कड काहीच सांगत नाही. भर उन्हात बांधावर उभं राहून मोबाइल बघणाऱ्याला तरी ती कुठे दिसते!

राहिला रेफ, म्हणजे खऱ्या इनपुटपर्यंत पोचवणारा दोरा. चूक झालेल्या पहिल्या रकान्यावर कर्सर न्यायचा तर फॉर्मच्या हातात खरा इनपुट लागतो. रिअ‍ॅक्ट १८ पर्यंत त्यासाठी फॉरवर्ड-रेफचं वेष्टण लागायचं. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या रिअ‍ॅक्ट १९ मध्ये रेफ साध्या प्रॉपसारखा येतो. रिअ‍ॅक्ट हुक फॉर्म (फॉर्म हाताळायची लायब्ररी) वापरत असाल तर त्याचं रजिस्टर हे फंक्शन नाव, ऑनचेंज, ऑनब्लर आणि रेफ अशा चार गोष्टी देतं. या चारही आतल्या इनपुटपर्यंत पोचल्या की झालं. रेफ वाटेत हरवला तर रकाना दिसायला ठीक दिसतो, पण सबमिट केल्यावर त्याची किंमत रिकामी जाते.

लेबलचा मजकूर कंपोनंटच्या आत लिहिलेला असेल तर तो आजच बाहेर काढा. उद्या तोच फॉर्म अहिराणीत हवा झाला आणि ‘तुमचं नाव’ ऐवजी ‘तुमनं नाव’ लिहायचं ठरलं, तर कंपोनंट उघडायची वेळ येऊ नये.

प्रश्न : रकान्यात एक अक्षर टाइप केलं की कर्सर निघून जातो. पुन्हा बोट लावायचं, पुन्हा एक अक्षर. शिवाय ‘अनकंट्रोल्ड’वरून ‘कंट्रोल्ड’ झाल्याचा इशारा कन्सोलमध्ये येतो. — अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, शिरपूर

उत्तर : दोन वेगळे आजार आहेत.

पहिला : तुमचा इनपुट कंपोनंट दुसऱ्या कंपोनंटच्या पोटात लिहिलेला असणार. बाहेरचा प्रत्येक वेळी रेंडर झाला (स्क्रीनवर नव्याने मांडला गेला) की आतलं फंक्शन नव्याने जन्मतं. रिअ‍ॅक्टला तो वेगळाच कंपोनंट वाटतो, म्हणून तो जुना रकाना मोडून नवा मांडतो. नव्या रकान्यात कर्सर कुठून असणार? व्याख्या फाइलच्या वरच्या पातळीवर आणा. तरीही होत असेल तर ‘की’ बघा. तिथे रँडम आकडा किंवा खुद्द टाइप होणारा मजकूर दिला असेल तर तेच होतं.

दुसरा : स्टेटची (कंपोनंटने लक्षात ठेवलेल्या किमतीची) सुरुवात रिकामी सोडली, म्हणजे अनडिफाइंड ठेवली, की रिअ‍ॅक्ट समजतो रकाना ब्राउझरच्या ताब्यात आहे. पहिलं अक्षर आलं की किंमत तुमच्याकडून यायला लागते, आणि तो कुरकुरतो. सुरुवात रिकाम्या स्ट्रिंगने (एकही अक्षर नसलेल्या मजकुराने) करा. सर्व्हरकडून नल (‘काहीच नाही’ अशी किंमत) येत असेल तर तोही रिकामी स्ट्रिंग करून घ्या.

प्रश्न : कापसाच्या वजनपावतीचा फॉर्म आहे. क्विंटलच्या रकान्यात दशांश चिन्ह टाइप केलं की ते गायब होतं. रकाना नंबर प्रकारचा केला तर वेगळे घोळ : मध्येच आकडा आपोआप बदलतो, आणि मराठी कीबोर्डवरून ७ दाबलं तर रकाना रिकामा असल्याचं सांगतो. — चोपडा

उत्तर : प्रत्येक कळीला तुम्ही मजकुराचा नंबर करून स्टेटमध्ये ठेवताय. ‘१२.’ चा नंबर १२. तो परत रकान्यात गेला, टिंब गेलं. ‘१२.०’ चाही नंबर १२, म्हणजे १२.०५ कधी लिहिताच येणार नाही.

टाइप होत असलेला मजकूर आणि साठवायची किंमत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बोट रकान्यात आहे तोवर स्टेटमध्ये माणसाने लिहिलेली स्ट्रिंग ठेवा, वेडीवाकडी असली तरी. रकान्यातून बाहेर पडल्यावर तिचा नंबर करा. या पानावरच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ इथेच आहे.

नंबर प्रकार वजनासाठी आम्ही सुचवत नाही. कर्सर आत असताना माउसचं चाक फिरलं तर आकडा हलू शकतो, आणि कारकुनाचा हात दिवसभर चाकावरच असतो. त्यात इंग्रजी ‘ई’ हे अक्षरही चालतं, कारण घातांकासाठी ते वैध आहे. आणि मजकूर ब्राउझरला नंबर वाटला नाही तर तो तुम्हाला रिकामी स्ट्रिंग देतो. माणसाने काय लिहिलं होतं ते कळायला मार्गच उरत नाही. देवनागरी आकड्यांचं तेच होतं. ब्रिटिश सरकारच्या डिझाइन सिस्टीमनेही २०२० मध्ये हा प्रकार सोडून साधा टेक्स्ट आणि इनपुटमोड असा बदल केला.

तर रकाना टेक्स्ट, इनपुटमोड डेसिमल. मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. आयफोनच्या त्या कीबोर्डवर उणे चिन्ह नसतं. वजनाला ते लागत नाही, पण हाच कंपोनंट उद्या खात्यातल्या बाकीसाठी वापरणार असाल तर लक्षात ठेवा.

बाहेर पडताना करायची कामं, याच क्रमाने. आधी मागचीपुढची मोकळी जागा कापा. मग ० ते ९ हे देवनागरी आकडे इंग्रजी करा : प्रत्येकाच्या युनिकोड क्रमांकातून २४०६ वजा केले की आकडा मिळतो. मग स्वल्पविराम काढा, कारण ‘१,२००’ चा थेट नंबर केला तर जावास्क्रिप्ट तो नंबर मानतच नाही. आता उरलेली स्ट्रिंग रिकामी आहे का ते बघा. हे पाऊल वगळलं तर फसाल, कारण रिकाम्या स्ट्रिंगचा नंबर जावास्क्रिप्टमध्ये शून्य होतो. न भरलेलं वजन शून्य क्विंटल म्हणून पावतीवर छापलं जाईल. पार्स-फ्लोट वापरू नका. ‘१२अबक’ असं काही आलं तर तो गुपचूप १२ देतो. पूर्ण स्ट्रिंग तपासणारं नंबर फंक्शन बरं.

साठवताना क्विंटल नको, किलो ठेवा, पूर्णांकात. इथेही एक खड्डा आहे. ४.३५ गुणिले १०० जावास्क्रिप्टमध्ये ४३५ येत नाही, ४३४.९९९९ असं काहीतरी येतं. पुढचं कापून टाकलं तर शेतकऱ्याचा एक किलो गेला. राउंड करा, कापू नका.

दाखवताना जावास्क्रिप्टच्या इंटल-नंबर-फॉरमॅटला मराठी-भारत सांगितलं तर लाखाच्या पद्धतीने स्वल्पविराम आणि देवनागरी आकडे दोन्ही मिळतात. इंग्रजी-भारत सांगितलं तर स्वल्पविराम तेच, आकडे इंग्रजी. हे फक्त दाखवायला. टाइप होत असताना स्वल्पविराम घालायला गेलात तर मधला आकडा दुरुस्त करताना कर्सर उडी मारून शेवटी जातो.

कळ दाबताच नको ते अक्षर अडवायचं, असा काहींचा बेत असतो. अँड्रॉइडवरच्या बऱ्याच कीबोर्डवर की-डाऊनमध्ये खरी कळ कळतच नाही, क्रमांक २२९ येतो. तो रस्ता सोडा.

प्रश्न : सातबाऱ्यावरचं क्षेत्र भरून घ्यायचं आहे. एकाच रकान्यात घेतो, पण लोक काहीही लिहितात. एका शेतकऱ्याचे अनेक गट असतात, तेव्हा ‘गट वाढवा’ बटण आहे. ते दाबलं की फॉर्मच सबमिट होतो, आणि मधला गट काढला तर भलत्याच गटाचे आकडे जातात. — शहादा

उत्तर : ‘१.५’ लिहिलं तर ते काय समजायचं? लिहिणाऱ्याच्या मनात दीड हेक्टर असू शकतं, म्हणजे १ हेक्टर ५० आर. सातबाऱ्याच्या सवयीने वाचणारा १ हेक्टर ५ आर समजू शकतो. फरक ४५ आरचा, म्हणजे ४,५०० चौरस मीटर. केळी दीड बाय दीड मीटरवर लावली तर एका खोडाला सव्वादोन चौरस मीटर लागतात. म्हणजे एका टिंबाच्या वाचनावर नेमका दोन हजार खोडांचा फरक. रोपांची मागणी या आकड्यावरून निघत असेल तर हिशेब कुठे जाईल बघा.

म्हणून दोन खण : हेक्टर आणि आर. तुमच्याकडे चौरस मीटरपर्यंत नोंद लागत असेल तर तिसरा. आतून दोन खण, पण बाहेरच्या फॉर्मला हा एकच रकाना दिसला पाहिजे : एक किंमत आत जाते, एक बाहेर येते. ती किंमत पूर्ण चौरस मीटरमध्ये ठेवा. एक हेक्टर म्हणजे १०,०००, एक आर म्हणजे १००. सातबाऱ्यावरचं १.२०.०० म्हणजे १२,०००. एकर हवा असेल तर शेजारी नुसता दाखवा, साठवू नका. एकराचे ४०.४७ आर होतात आणि ये-जा करताना प्रत्येक फेरीला थोडं सांडतं.

बांधताना अडचण येते ती अशी. आर खणात कुणी ‘०५’ लिहायला घेतलं. ‘०’ लिहिताच तुम्ही बाहेर शून्य पाठवलं, बाहेरून शून्य परत आलं, तुम्ही खणांत ते पुन्हा भरलं. ‘०५’ झाल्यावर परत येतो ५, आणि पुढचं शून्य डोळ्यांसमोर पुसलं जातं. यावर उपाय : दोन्ही खणांच्या स्ट्रिंग कंपोनंटच्या आत ठेवा. बाहेरून किंमत आली की आधी आपल्या स्ट्रिंगची किंमत काढून ताडून पाहा. सारखी असेल तर खणांना हात लावू नका. वेगळी असेल, म्हणजे फॉर्म रीसेट झाला किंवा जुनी नोंद उघडली, तरच खण पुन्हा भरा.

दोन्ही खण रिकामे असतील तर बाहेर नल पाठवा, शून्य नको. हेक्टर भरलं आणि आर रिकामं असेल तर आर शून्य धरायला हरकत नाही. आर खणात १२० लिहिलं तर? काही जण गुपचूप एक हेक्टर पुढे ढकलतात. आमचं मत : चूक दाखवा. १२० लिहिणाऱ्याला बहुधा १.२० म्हणायचं असतं, आणि ते हेक्टर खणात आधीच लिहून झालेलं असतं. दोन्ही खणांभोवती फील्डसेट आणि लेजंड घाला, प्रत्येक खणाला स्वतःचं लेबल द्या. एक खण भरला की कर्सर आपोआप पुढच्यात ढकलण्याचा मोह टाळा. दुरुस्तीला मागे आलेला माणूस वैतागतो.

आता बटण. फॉर्मच्या आतल्या बटणाला प्रकार सांगितला नाही तर तो सबमिटच धरला जातो. ‘गट वाढवा’, पासवर्ड दाखवणारा डोळा, रकाना पुसणारी फुली, सगळ्यांना टाइप बटण असं लिहा. हे तुमच्या बटण कंपोनंटमध्येच मूळ किंमत म्हणून ठेवलं तर पुन्हा विचार करायला नको.

आणि गट काढण्याचा घोळ ‘की’मुळे. यादीतला क्रमांक ‘की’ म्हणून दिला असेल, तर दुसरा गट काढल्यावर तिसरा ‘दुसरा’ होतो आणि त्याच्या अंगावर जुन्या दुसऱ्याचे कपडे राहतात. गट वाढवतानाच त्याला एक कायमचा आयडी द्या. क्रिप्टोचं रँडम-यूयूआयडी चालेल, पण ते सुरक्षित पत्त्यावर किंवा लोकलहोस्टवरच मिळतं. ऑफिसच्या वायफायवर संगणकाचा साधा एचटीटीपी पत्ता टाकून मोबाइलवर तपासायला गेलात की ते सापडत नाही आणि बटणच मेल्यासारखं वाटतं. सरळ एक वाढता आकडा ठेवा, तेवढं पुरतं.

प्रश्न : व्ह्यू (रिअ‍ॅक्टसारखंच साधन) वापरतो. गावाच्या नावाने शोधायचा रकाना केला आहे. इंग्रजीत लिहिलं की यादी लगेच गाळली जाते, मराठीत लिहिलं तर शब्द संपून स्पेस दिल्याशिवाय काही होत नाही. दुसरं, कंपोनंटला दिलेला क्लास आणि मॅक्सलेंग्थ रकान्याऐवजी बाहेरच्या डब्याला लागतो. — चाळीसगाव

उत्तर : हा दोष नाही, व्ह्यूने मुद्दाम केलेली सोय आहे. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर लिहिताना शब्दाखाली रेघ दिसते ना, ती आहे तोवर शब्द ‘घडतोय’ असं ब्राउझर समजतो. घडता शब्द व्ही-मॉडेल (रकाना आणि किंमत जोडणारी व्ह्यूची सोय) बाहेर सोडत नाही. पत्ता किंवा नाव घ्यायला ते योग्यच आहे. शोधाच्या रकान्यात मात्र व्ही-मॉडेल सोडून व्हॅल्यू वेगळी बांधा आणि इनपुट इव्हेंट स्वतः ऐका. त्या इव्हेंटमध्ये मजकूर नुसता वाचा, बदलून परत रकान्यात घालू नका. शब्द घडत असताना किंमत बदलली तर ‘पाचो’चं ‘पापाचो’ होण्यासारखे प्रकार घडतात. एंटर दाबल्यावर काही करत असाल तर इव्हेंटचं इज-कंपोजिंग (शब्द अजून घडतोय का) आधी तपासा.

दुसऱ्याचं कारण : कंपोनंटचं मूळ एकच असेल तर व्ह्यू न ओळखलेले गुण त्या मुळावर चढवतो, आणि तुमचं मूळ डबा आहे. इनहेरिट-अ‍ॅट्रिब्यूट्स बंद करा आणि आतल्या इनपुटवर ते सगळे व्ही-बाइंडने द्या. व्ह्यू २ मध्ये मात्र क्लास यात येत नाही, तो डब्यावरच राहतो.

तुमच्या कोडचा नमुना व्ह्यू २ चा दिसतो. तिथे कंपोनंटला व्हॅल्यू यायची आणि इनपुट इव्हेंट जायचा. व्ह्यू ३ मध्ये मॉडेल-व्हॅल्यू येते आणि अपडेट-मॉडेल-व्हॅल्यू जातो. ३.४ पासून डिफाइन-मॉडेल एका ओळीत दोन्ही करतं. व्ह्यू २ ची देखभाल २०२३ अखेर थांबली आहे.

प्रश्न : अँग्युलरमध्ये (हेही तसंच साधन) स्वतःचा मोबाइल-नंबर कंपोनंट केला. फॉर्म-कंट्रोल-नेम लावलं की ‘नो व्हॅल्यू अ‍ॅक्सेसर’ अशी चूक येते. — भुसावळ

उत्तर : अँग्युलरला तुमच्या कंपोनंटशी बोलायचं कसं तेच माहीत नाही. त्याला कंट्रोल-व्हॅल्यू-अ‍ॅक्सेसर करा. चार फंक्शन्स : राइट-व्हॅल्यू, रजिस्टर-ऑन-चेंज, रजिस्टर-ऑन-टच्ड आणि सेट-डिसेबल्ड-स्टेट. मग प्रोव्हायडर्समध्ये व्हॅल्यू-अ‍ॅक्सेसरचं टोकन, यूझ-एक्झिस्टिंगने हाच कंपोनंट, आणि मल्टी खरं. हे मल्टी विसरण्याचं प्रमाण मोठं आहे.

राइट-व्हॅल्यूमध्ये नल येतो, रीसेट केल्यावर हमखास. त्यावर थेट लांबी मोजायला गेलात तर कोसळेल. त्याच फंक्शनमधून ऑन-चेंज बोलवू नका, नाहीतर नुसती जुनी नोंद उघडली तरी फॉर्म ‘बदललेला’ दिसतो. ऑन-टच्ड रकान्यातून बाहेर पडताना बोलवा, त्याशिवाय चूक सांगणारा संदेश योग्य वेळी दिसत नाही. बदल-तपासणी ऑन-पुश असेल तर राइट-व्हॅल्यूत मार्क-फॉर-चेक लागेल. चौथं फंक्शन सक्तीचं नाही, पण ते नसेल तर फॉर्मने डिसेबल केलेला रकाना लोक खुशाल भरत राहतात.

प्रश्न : जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी बदलते. कधीकधी धुळे निवडलं असताना जळगावचे तालुके दिसतात. जुनी नोंद दुरुस्तीला उघडली की तालुका पुसलेला असतो. — धुळे

उत्तर : आधी जळगाव, लगेच धुळे, असं निवडलं आणि नेट मंद असेल, तर जळगावचं उत्तर नंतर येऊन धुळ्यावर बसतं. नवी मागणी करताना जुनी अबॉर्ट-कंट्रोलरने रद्द करा. पण मुळात जळगावचे १५, धुळ्याचे ४ आणि नंदुरबारचे ६ मिळून २५ नावं होतात. एवढ्यासाठी सर्व्हरला कशाला उठवता? यादी अ‍ॅपमध्येच ठेवा. गावांसाठी सर्व्हर ठीक.

तालुका पुसला जातो कारण तो तुम्ही इफेक्टमध्ये (किंमत बदलली की आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) पुसताय, ‘जिल्हा बदलला की तालुका रिकामा’ असं. जुनी नोंद उघडतानाही रिकाम्याचा जिल्हा होतो, तोही बदलच. पुसण्याचं काम जिल्ह्याच्या ऑनचेंजमध्ये न्या. तिथे ते माणसाने बोट लावलं तरच होतं.

किंमत म्हणून नाव नको, संकेतांक ठेवा. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं तेव्हा नावाने साठवलेल्या सगळ्या नोंदी मागे राहिल्या असत्या. अक्राणी तालुका लोक धडगाव म्हणून शोधतात, म्हणून शोधाला दोन्ही नावं जोडा. आणि ड्रॉपडाऊनमधून किंमत कायम स्ट्रिंग येते. तुमच्या यादीत संकेतांक आकडा असेल तर काटेकोर तुलना जुळत नाही.

प्रश्न : नावाच्या रकान्यात फक्त अक्षरं चालावीत म्हणून युनिकोडचा ‘अक्षर’ हा गट लावला, तरी ‘काशिनाथ’ चूक म्हणतो. लांबीची मर्यादाही मराठीत लवकर संपते. — अमळनेर

उत्तर : काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे युनिकोडच्या दृष्टीने अक्षर नाहीत, ‘खूण’ आहेत. नियमात अक्षरांच्या एल गटाबरोबर खुणांचा एम गटही घ्या. जोडाक्षरांसाठी काही कीबोर्ड न दिसणारा जोडक घालतात, ऱ्य लिहिताना विशेषतः. तो, मोकळी जागा आणि टिंबही चालू द्या. जावास्क्रिप्टमध्ये नियमाला यू ही खूण लावायला विसरू नका. साठवण्याआधी एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर दोन रीतींनी लिहिलं असेल तर एकसारखं करणं) करा.

मॅक्सलेंग्थ डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजत नाही. ‘खान्देश’ वाचताना तीन अक्षरं, मॅक्सलेंग्थच्या लेखी सात, आणि यूटीएफ-८ मध्ये बाइट्स एकवीस. मर्यादा डेटाबेसच्या मापाने ठरवा आणि सढळ ठेवा. माणसाला उरलेली अक्षरं दाखवायचीच असतील तर इंटल-सेगमेंटरने मोजा, पण जोडाक्षर एक धरायचं की दोन हे ब्राउझरच्या आवृत्तीप्रमाणे बदलतं. आमच्या मते नावाच्या रकान्यावर तो आकडा नकोच.

प्रश्न : मृगबागेची लागवड तारीख ७ जून भरली की सर्व्हरवर ६ जून जाते. — यावल

उत्तर : डेट रकाना तुम्हाला वर्ष-महिना-दिवस अशी स्ट्रिंग देतो. तिची स्थानिक मध्यरात्रीची तारीख-वस्तू करून तुम्ही टू-आयएसओ-स्ट्रिंग बोलवताय. ते ग्रिनिचच्या वेळेत लिहितं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे ६ जून, संध्याकाळचे साडेसहा. पुढची वेळ कापली की उरते ६ जून. लागवडीच्या तारखेला घड्याळ लागत नाही. रकान्याने दिलेली स्ट्रिंग तशीच पाठवा.